‘जरा सावरतो, मग येतो’ म्हणणाऱ्या पुरुषांसाठी: डिप्रेशन, आत्मस्वीकार आणि आधारगटाच्या पायऱ्या

आधारगटाची, म्हणजे सारख्याच त्रासातून जाणाऱ्यांनी एकत्र बसून बोलायच्या गटाची, चौकशी करायला एखाद्या पुरुषाचा फोन आला की बोलणं बहुतेक वेळा एकाच वाक्यावर संपतं: "जरा सावरतो, मग येतो." मी स्वतः डिप्रेशनमधून गेलोय, गोळ्या घेतल्यात, गटात बसलोय आणि आता एक छोटा गट चालवायला मदत करतो. तेवढ्या अनुभवावर सांगतो, हा क्रम उलटा आहे. सावरण्याचं बरंचसं काम गटातल्या त्या खुर्चीत बसल्यावरच सुरू होतं. स्वतःला आवरून-सावरून, मग चार लोकांत जायचं, या हिशेबात माणसाची वर्षं जातात.

पायऱ्या मी मला सोयीच्या वाटल्या त्या क्रमाने लिहिल्यात. तुमचा क्रम वेगळा असू शकतो. कुणाला आधी डॉक्टर सापडतो, कुणाला आधी मित्र. पहिली पायरी मात्र कुणीही गाळायची नाही.

१. आधी तातडी आहे का ते बघा

जगभरात दरवर्षी ७ लाखांहून जास्त माणसं आत्महत्येने जातात. पुरुषांमधलं प्रमाण स्त्रियांच्या दुपटीच्या आसपास आहे. डिप्रेशनचं निदान मात्र स्त्रियांमध्ये जास्त होतं. याचा एक अर्थ असा की बरेच पुरुष निदानापर्यंत पोचतच नाहीत.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. मरून जावं असं वाटतंय का? कसं आणि कधी हे मनात ठरलंय का? त्यासाठी लागणारी वस्तू हाताशी आहे का? दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर हा लेख बाजूला ठेवा, जवळच्या कुणाला तरी शेजारी येऊन बसायला सांगा आणि फोन लावा. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. अमेरिकेत ९८८, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ११६ १२३. धोका अगदी समोर असेल तर तुम्ही असाल तिथली आपत्कालीन सेवा, नाहीतर सरळ हॉस्पिटलची कॅज्युअल्टी.

आणि ती वस्तू, मग त्या साठवलेल्या गोळ्या असोत, कीटकनाशक असो की हत्यार, आजच दुसऱ्याच्या ताब्यात द्या. जीव द्यावासा वाटण्याची तीव्र लाट पुष्कळदा काही तासांत ओसरते. तेवढा वेळ साधन हाताशी नसणं, यावर जीव वाचणं अवलंबून असतं. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि देशातलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली उतरलं. लोकांची दुःखं काही संपली नव्हती. हाताशी विष नव्हतं, एवढाच फरक.

२. लक्षणं ओळखा, रडू येत नाही म्हणून डिप्रेशन नाही असं नसतं

उदास चेहरा, डोळ्यांत पाणी, खिडकीतून बाहेर बघत बसलेला माणूस: हे चित्र डोक्यातून काढून टाका. पुरुषांमध्ये पुष्कळदा दिसते ती चिडचिड. मुलाने पेन पाडलं तरी अंगावर ओरडणं. कामात स्वतःला गाडून घेणं, कारण घरी गेलं की शांतता असते. रोजचं पिणं हळूहळू वाढणं. गाडी बेफाम चालवणं. पाठ, डोकं, पोट सतत दुखणं आणि तपासणीत काहीच न निघणं. पहाटे तीन-साडेतीनला जाग येणं आणि मग झोप न लागणं. जवळिकीची इच्छा मरणं. आणि ज्या गोष्टींत पूर्वी जीव रमायचा त्यांच्याकडे बघून काहीच न वाटणं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि पुरुष तेच सगळ्यात कमी सांगतात.

दोन आठवडे किंवा जास्त काळ, दिवसातला बराच वेळ असं चाललं असेल तर त्याची दखल घ्या. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा वर गेली तर डॉक्टरांना भेटायचं. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्याहून वेगळं असेल तर बेरीज कितीही येवो, भेटायचंच.

यात एक खाच आहे. या नऊ प्रश्नांत चिडचिडीबद्दल एकही प्रश्न नाही. ज्याचं सगळं दुःख रागातून बाहेर पडतंय, त्याची बेरीज कमी येऊ शकते आणि तो ‘बघ, मला काही झालेलं नाही’ म्हणून मोकळा होतो. म्हणून प्रश्नावली भरल्यावर घरातल्या एका माणसाला एवढंच विचारा: "गेल्या काही महिन्यांत माझ्यात काय बदललं?" आणि उत्तर देताना त्याला मध्ये तोडू नका.

शरीराचंही तपासून घ्या. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर. जोरात घोरणं आणि दिवसभर पेंग असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, पुरुषांमध्ये बराच आढळतो आणि त्याची बाहेरची लक्षणं डिप्रेशनसारखीच दिसतात.

३. घटना वेगळी लिहा, निकाल वेगळा लिहा

आता आत्मस्वीकार. ‘स्वतःवर प्रेम करा’ छापाच्या सल्ल्याने बहुतेक पुरुषांना ओशाळल्यासारखं होतं. मलाही होतं. आरशासमोर उभं राहून स्वतःला काहीतरी गोड बोलणं ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. बाकीच्यांसाठी जास्त कोरडी आणि माझ्या मते जास्त टिकाऊ वाट आहे.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत बिनशर्त आत्मस्वीकाराची कल्पना मध्यवर्ती आहे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणसाच्या कृतीला चांगलं-वाईट म्हणता येतं. सबंध माणसाला एका शिक्क्यात बसवता येत नाही. आपण नेमकं तेच करतो. एक काम बिघडलं की सगळा माणूसच बाद.

एक वही घ्या. पानावर तीन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात जे घडलं ते. कसोटी अशी, की सीसीटीव्हीत दिसलं असतं तेवढंच लिहायचं. "शनिवारी मुलाच्या मॅचला गेलो नाही. दुपारी दोनपर्यंत अंथरुणात होतो."

दुसऱ्या रकान्यात त्यावर तुम्ही दिलेला निकाल. "बाप म्हणून मी फेल आहे." हे कुठल्याही कॅमेऱ्यात दिसत नाही. हे तुमच्याकडून आलंय. खोडू नका, नुसतं लिहा.

तिसऱ्या रकान्यात आता करण्यासारखी एक लहान गोष्ट. "रात्री त्याला सांगणार: मला बरं नव्हतं, तुझी मॅच चुकली, मला वाईट वाटतंय. स्कोअर काय झाला?"

दिवसाला एकच नोंद. पाच मिनिटांच्या वर बसायचं नाही, नाहीतर तीच वही स्वतःला झोडपायचं साधन होते. दोनेक आठवड्यांनी मागची पानं चाळा. दुसऱ्या रकान्यात तीच तीच दोन-तीन वाक्यं पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. बहुतेकांच्या बाबतीत ती फार जुनी असतात आणि कुणाच्या आवाजात ऐकू येतात हेही लक्षात येतं. ही वाक्यं पुढे गटात आणि समुपदेशकाकडे फार उपयोगी पडतात. तेव्हा वही सांभाळून ठेवा.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, स्वीकार म्हणजे शरणागती असं वाटणं. "मला डिप्रेशन आहे" हे मान्य केलं तर ते कायमचं चिकटेल, अशी धास्ती असते. मान्य केल्याशिवाय उपचाराची चिठ्ठी कुणी लिहीत नाही, इतकं साधं आहे ते. डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी ही मानसोपचाराची पद्धत उभी करणाऱ्या मार्शा लिनेहान यांच्या कामात वास्तवाचा पूर्ण स्वीकार आणि बदलाचे प्रयत्न या दोन्ही गोष्टी एकत्रच चालतात. त्या स्वतः तरुणपणी मनाच्या आजारासाठी रुग्णालयात दाखल होत्या. हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं, तोवर त्या या क्षेत्रातलं मोठं नाव झालेल्या होत्या.

दुसरा सापळा याच्या उलट. "मी आहे हा असा आहे, घ्या चालवून." बायकोवर हात उगारणं, मुलांना घाबरवून ठेवणं, याला आजारपणाचं पांघरूण घालता येत नाही. आजार तुमचा दोष नाही. वागणं मात्र तुमच्याच जबाबदारीत येतं, आणि ते बदलायला मदत मागणं हाही स्वीकारच.

४. एका माणसाला सांगा

गटाआधी एक माणूस. निवडताना सगळ्यात जवळचा कोण हे बघू नका. ऐकून घेण्याची सवय कुणाला आहे ते बघा. पुष्कळदा तो जिवलग मित्र नसतो. ऑफिसातला एखादा कमी बोलणारा सहकारी असतो, चुलतभाऊ असतो, जुना शिक्षक असतो.

समोरासमोर बसून डोळ्यांत बघून बोलणं जमत नसेल तर चालता चालता बोला, गाडीत बोला, काहीतरी दुरुस्त करता करता बोला. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात सुरू झालेली मेन्स शेड ही चळवळ याच गोष्टीवर उभी आहे. पुरुष एकत्र येऊन लाकूडकाम, दुरुस्ती असं काहीतरी करतात आणि हात कामात असले की तोंड उघडतं. आज ती अनेक देशांत पसरलीय.

सुरुवातीचं वाक्य आधीच लिहून ठेवा. मेसेजही चालेल. माझ्या माहितीत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला मसुदा हा: "गेले काही महिने माझं बरं चाललेलं नाही. तू काही सोडवायला नकोय. अर्धा तास ऐकशील का?" यातलं मधलं वाक्य महत्त्वाचं आहे. ते नसेल तर समोरचा माणूस लगेच पाना-पक्कड घेऊन तुम्हाला दुरुस्त करायला बसतो.

उत्तरं कशी येतील याचीही तयारी ठेवा. "अरे, टेन्शन कुणाला नाही?" "लग्नाचा परिणाम, दुसरं काय!" "व्यायाम सुरू कर." यातली बहुतेक घाबरल्यामुळे येतात, दुष्टपणाने येत नाहीत. एकदा शांतपणे म्हणा, "नाही रे, खरंच सांगतोय." बहुतेक वेळा दुसऱ्या खेपेला माणूस गंभीर होतो. नाही झाला, तर विषय बदला आणि यादीतल्या दुसऱ्या माणसाकडे जा. हे वाया गेलेलं नसतं. ते वाक्य एकदा तोंडातून बाहेर पडलेलं असतं.

बायकोला किंवा जोडीदाराला जरूर सांगा. पण तिलाच डॉक्टर, समुपदेशक आणि आधारगट असं सगळं करू नका. ती थकते, आणि तिचं थकणं बघून तुम्ही पुन्हा गप्प होता.

५. डॉक्टरांकडे जाताना

सायकिअ‍ॅट्रिस्ट हे वैद्यकीय डॉक्टर. निदान करतात, औषधं लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तपासण्या आणि थेरपी करतात. काउन्सेलर, म्हणजे समुपदेशक, बोलण्यातून मदत करतात. गट यांपैकी कशाचीही जागा घेत नाही, आणि यांपैकी कुणीही गटाची जागा घेत नाही. कुणाकडे जावं कळत नसेल तर नेहमीच्या फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात केली तरी चालते.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- एका पानावर लिहिलेली लक्षणं: कधीपासून, किती, झोप किती वाजता तुटते
- भरलेली पीएचक्यू-९
- चालू असलेली सगळी औषधं, त्यात जिमची सप्लिमेंट्स आणि काढेचूर्णंही आली
- जुनी प्रिस्क्रिप्शनं आणि रक्ताचे रिपोर्ट
- घराण्यात मनाचा आजार, आत्महत्या किंवा व्यसन असल्यास त्याची नोंद
- दारू, तंबाखू, गांजा यांचा खरा आकडा (डॉक्टर मनातल्या मनात तो वाढवून घेतातच, तेव्हा खराच सांगितलेला बरा)
- ओळखपत्र, विमा असल्यास त्याचे कागद

पान डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडाने सांगायला गेलं की पुरुषांचं "तसं बरंय, फक्त झोप लागत नाही" एवढ्यावर आटपतं.

औषधं सुरू झाली तर हे लक्षात ठेवा. डिप्रेशनवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा फरक जाणवायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात, आणि दुष्परिणाम मात्र पहिल्या आठवड्यातच येतात. म्हणजे सुरुवातीला सगळा तोटाच दिसतो. पुष्कळजण इथेच गोळ्या बंद करतात. काही गोळ्यांनी लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होते. हे पुरुष डॉक्टरांना सांगत नाहीत, गोळी गुपचूप टाकून देतात आणि ‘औषधाचा उपयोग झाला नाही’ असं जगाला सांगतात. डोस बदलता येतो, गोळी बदलता येते. डॉक्टरांना या तक्रारीचं काहीही नवल नसतं. अचानक बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असे त्रास होतात, म्हणून थांबवायचं तेही डॉक्टरांना विचारून, हळूहळू. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवायला सांगतात. त्यामागे कारण आहे, ते नवव्या पायरीत येईल.

६. गट शोधा आणि पारखून घ्या

दोन त्रासलेल्या माणसांनी एकमेकांशी खरं बोलण्यातून मोठ्या गोष्टी उभ्या राहिल्यात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची (दारू सोडू पाहणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे गट) सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात झाली. दारू सोडलेले, पण पुन्हा प्यावंसं वाटत असलेले बिल विल्सन दुसऱ्या एका दारूत बुडालेल्या माणसाला, डॉ. बॉब स्मिथ यांना भेटले. बोलण्याने दुसऱ्याला मदत झालीच, पण बोलणाऱ्याचंही पिणं टळलं. १९३७ मध्ये शिकागोत अब्राहम लो या मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचे गट सुरू केले. अगदी अलीकडे, २०१६ मध्ये, इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावात अँडीज मॅन क्लब हा फक्त पुरुषांचा बोलण्याचा गट सुरू झाला आणि देशभर पसरला.

शोधायला सुरुवात तुमच्या डॉक्टरांपासून करा. हॉस्पिटलचा समाजसेवा विभाग, व्यसनमुक्ती केंद्र, मनाच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था, कंपनीत असेल तर कर्मचारी सहाय्य योजना. प्रत्यक्ष गट जवळ नसेल तर व्हिडिओवरचा चालेल, पण दार बंद करता येईल अशी जागा हवी.

जाण्याआधी गट चालवणाऱ्याला फोनवर विचारा: इथलं बोलणं बाहेर जात नाही याची काय व्यवस्था आहे, आणि कुठल्या परिस्थितीत ती गुप्तता मोडली जाते? (जीवाला धोका असेल तेव्हा मोडली जाते, हे उत्तर यायला हवं. "कधीच नाही" हे चांगलं उत्तर नव्हे.) कुणी संकटात असेल तर काय करता? पैसे लागतात का? रेकॉर्डिंग होतं का?

खालीलपैकी काही दिसलं की निघून या. "गोळ्या फेकून द्या" असं सांगणारा. प्रत्येक बैठकीच्या शेवटी कोर्स विकणारा. एकाच माणसाभोवती फिरणारा, जिथे त्याच्याशी असहमत होता येत नाही असा गट. आणि ज्याबद्दल मी जास्तच कडक आहे: पुरुषांच्या नावाने सुरू होऊन तासाभरात सगळं बायकांना शिव्याशाप देण्यावर येणारा गट. घटस्फोटाचं, मुलांपासून तुटण्याचं दुःख खरं असतं, त्यावर जरूर बोलावं. पण राग शेकत बसलं की दुःखाला हात घालायची वेळ येतच नाही, आणि माणूस आला त्यापेक्षा जास्त एकटा होऊन जातो.

७. पहिली बैठक

दहा मिनिटं आधी पोचा, दाराजवळची खुर्ची घ्या. उठून जायची मुभा आहे हे माहीत असलं की बसणं सोपं जातं. तुमची पाळी आली की फक्त नाव सांगून "आज ऐकतो" म्हटलं तरी पुरतं. चांगल्या गटात यावर कुणी आग्रह करत नाही.

एक प्रसंग सांगतो. ज्याचा आहे त्याने लिहायला परवानगी दिलीय, ओळख पटेल असे तपशील काढलेत. तो बऱ्याच बैठका गप्प होता. एकदा म्हणाला, "घरी आलो की गाडी बंद करतो आणि खालीच बसून राहतो. दिवे बंद, काचा वर. वर गेलं की चेहरा लावावा लागतो." कुणी काही बोललं नाही. मग पलीकडचा म्हणाला, "मी बाथरूममध्ये बसतो. नळ सोडून." तिसऱ्याने नुसतं बोट वर केलं, म्हणजे मीही. पहिला माणूस त्या बोटाकडे बघतच राहिला.

आत्मकरुणेवर संशोधन करणाऱ्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये तिचे तीन भाग मांडले: स्वतःशी मायेने वागणं, जे होतंय त्याचं नीट भान, आणि आपलं दुःख हे माणसांच्या सामायिक दुःखाचा भाग आहे ही जाणीव. पहिल्या दोन गोष्टी वहीवर करता येतात. तिसरी एकट्याने होत नाही. त्यासाठी ते वर गेलेलं बोट लागतं. तुम्ही ‘आधी सावरून’ गेलात, चेहरा लावूनच बसलात, तर ते बोट कुणासाठीच वर जात नाही.

बैठकीनंतर थकवा येतो, कधी त्या रात्री झोप बिघडते, "कशाला बोललो" असंही वाटतं. त्यावरून ठरवू नका. निदान तीनदा जा. मगही नाही पटलं तर दुसरा गट बघा. न जमणारा गट असतो तसा न जमणारा डॉक्टरही असतो.

८. ऐकायला शिका

गटातला जास्त वेळ ऐकण्यात जातो आणि बरं होण्याचा मोठा वाटा त्यातच आहे. अभ्यासक फ्रँक रिसमन यांनी १९६५ मध्ये याला मदतनीस-उपचाराचं तत्त्व म्हटलं: जो मदत करतो त्याचंही त्यातून भलं होतं. जो माणूस महिनोन्‌महिने स्वतःला निकामी समजतोय, त्याच्यामुळे दुसऱ्याला हलकं वाटलं, ही गोष्ट त्याच्या वहीतल्या दुसऱ्या रकान्याशी जुळत नाही. तिथेच फट पडते.

सवय करायच्या गोष्टी अशा. समोरचा थांबला की लगेच बोलू नका. मनात दहापर्यंत मोजा. सातव्या-आठव्या अंकाला खरी गोष्ट बाहेर येते. सल्ला देण्याआधी विचारा, "नुसतं ऐकू की काही सुचवू?" बोलताना "मी" वर रहा: "मला असं झालं तेव्हा..." इथपर्यंत ठीक, "तू असं करायला पाहिजे" नको. त्याच्या दुःखावर आपलं मोठं दुःख ठेवू नका. आणि विनोद. पुरुषांच्या गटात विनोद हवाच, त्याशिवाय कोण येणार! पण कुणी खरं बोलण्याच्या काठावर आलेला असताना टाकलेला विनोद त्याला परत मागे ढकलतो. तेवढा क्षण गिळा.

कुणाच्या बोलण्यात "कंटाळा आला जगायचा" असं आलं तर सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; संशोधनात हे वारंवार तपासलं गेलंय. उत्तर हो आलं तर एकट्याने ओझं उचलू नका, गुप्ततेचं वचन देऊ नका. गट चालवणाऱ्याला लगेच सांगा, त्याला एकटं सोडू नका, पहिल्या पायरीवरचे नंबर वापरा.

रात्री-अपरात्री प्रत्येकाचा फोन घ्यायचा असा नियम स्वतःला लावू नका. तुम्ही अजून बरे होताय.

जवळपास गटच नसेल तर चार ते आठ जणांत सुरू करता येतो. दोघांनी मिळून चालवायचा, म्हणजे एकाचं मन ढासळलं तर दुसरा असतो. ठरलेला वार, दीड तास, कुणाच्या घरी नाही. नियमांचं एक पान दर वेळी मोठ्याने वाचायचं. प्रत्येकाच्या जवळच्या एका माणसाचा नंबर लिहून घ्यायचा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केलाच तर फक्त वेळ आणि जागा कळवायला; मनातलं तिथे लिहायला सुरुवात झाली की पहाटे तीनला कुणाच्या तरी मेसेजला उत्तर मिळत नाही आणि नको ते घडतं. शक्य असेल तर एखाद्या समुपदेशकाशी आधीच बोलून ठेवा, अडलं तर विचारता येईल असं.

९. पुन्हा घसरलात तर: एक पान आधीच लिहून ठेवा

डिप्रेशन एकदा येऊन गेलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना पुढे कधीतरी ते पुन्हा येतं. औषध लवकर बंद करू नका असं म्हणतात ते यासाठी. पुन्हा आलं म्हणजे आधीचं सगळं खोटं होतं असं नव्हे. दुसऱ्या वेळेला तुमच्याकडे माणसं असतात, नंबर असतात, शब्द असतात.

मेरी एलेन कोपलँड यांनी १९९७ मध्ये अमेरिकेत, स्वतः मनाच्या आजारातून गेलेल्या लोकांबरोबर बसून, वेलनेस रिकव्हरी अ‍ॅक्शन प्लॅन नावाची पद्धत तयार केली. मी तिचं एका पानाचं रूप वापरतो. बरे असाल तेव्हाच लिहायचं.

- रोज केल्यावर मी जागेवर राहतो अशा तीन-चार गोष्टी
- मला हलवून सोडणाऱ्या गोष्टी (एखादी तारीख, नोकरीतला ठराविक काळ, अमुक नातेवाईक)
- सुरुवातीच्या खुणा, अगदी बारीक. माझी पहिली खूण म्हणजे फोन वाजला की उलटा ठेवणं. उदास वाटण्याच्या बऱ्याच आधी ती दिसते
- खुणा दिसल्या तर २४ तासांत काय करायचं: कुणाला फोन, पुढची बैठक कधी, डॉक्टरांची वेळ
- मला निर्णय घेता येईनासा झाला तर कुणी घ्यायचा, कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं, कुठली औषधं सोसत नाहीत
- मला काय म्हणू नये

शेवटची ओळ लोक सोडून देतात. लिहा. माझ्या पानावर तिथे "उठ, जरा फिरून ये, बरं वाटेल" आहे, आणि शेजारी, "त्याऐवजी: चपला घाल, मी येतोय." घरच्यांना हे कळायला काही मार्ग नसतो, आणि कळलं की त्यांनाही सुटल्यासारखं होतं.

एक प्रत घरात, एक गटातल्या एका माणसाकडे, एकीचा फोटो मोबाइलमध्ये. दर सहा महिन्यांनी नवी तारीख घालून पान पुन्हा लिहा; तेवढ्यात गोळीचं नाव तरी बदललेलं असतं, नाहीतर कुणाचा तरी नंबर.